विहिरींना कठडे बांधा, मग राखीवचा ठराव करा

प्रश्न विचारणाऱ्या ताई नांदगाव तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या ग्रामपंचायत सदस्य आहेत. गावठाणात तीस-चाळीस घरं, बाकी सगळे वस्त्यांवर, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला हाक पोचत नाही इतके पांगलेले. गावाला लागून फॉरेस्टची साडेतीनशे हेक्टर जमीन आहे, बहुतेक मुरमाड माळ, आणि गेल्या काही वर्षांत तिथे हरणं बरीच दिसायला लागली आहेत. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरला झालं तसं ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आपल्याकडे करून घ्यावं का, त्यात लोकांच्या जमिनी अडकतील का, चराई बंद होईल का, पर्यटनाचे चार पैसे मिळतील का आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात होतो. नोकरीची एकोणीस वर्षं येवला-नांदगाव पट्ट्यात गेली. काम म्हणाल तर गाई-म्हशींचं रेतन, शेळ्यांना लस, आडलेल्या गाईची सुटका आणि उन्हाळ्यात फॉरेस्टमधून फोन आला की गाडीला किक मारून कुठल्या तरी विहिरीवर जायचं. त्यामुळे माझं उत्तर थोडं विहिरीच्या काठावरून दिलेलं वाटेल, ते चालवून घ्या.

जमीन अडकत नाही. चराई आपोआप बंद होत नाही. पर्यटनाचा पैसा फारसा येत नाही. आणि सुरुवात ठरावापासून नको.

आधी जमिनीचं सांगतो, कारण ग्रामसभेत पहिला आवाज त्यावरूनच चढणार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ३६-अ हे कलम आलं. संवर्धन राखीव या कलमाखाली होतं, आणि ते फक्त सरकारच्या मालकीच्या जमिनीवर, तेही तिथल्या लोकांशी सल्लामसलत करून. तुमच्या सातबाऱ्यावरची जमीन त्यात धरता येत नाही. एखाद्याला स्वतःहून आपली जमीन द्यायची असेल तर त्यासाठी ३६-क आहे, ‘सामुदायिक राखीव’. तिथे मालकाची स्वतःची तयारी असल्याशिवाय काही होत नाही.

मग लोक घाबरतात का? त्याला कारण आहे, अगदीच अडाणीपणा नाही. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झालं, जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची खासगी शेतं आली. खरेदी-विक्री, बांधकामं, सगळ्याला वर्षानुवर्षं अडथळे. पुढे ते क्षेत्र कमी करत १२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. त्या काळात ज्यांचे पाहुणे करमाळ्याकडे किंवा कर्जतकडे होते त्यांनी ते ऐकलेलं आहे, आणि ‘प्राण्यांसाठी राखीव’ म्हटलं की त्यांना तेच आठवतं. तेव्हा ग्रामसभेत ‘अभयारण्य’ हा शब्द चुकूनही वापरू नका. तो वेगळा प्रकार आहे, कायद्यात त्याची कलमं वेगळी आहेत. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. ते कलम संवर्धन राखीवाला लावलेलं नाही. इथे जी लावली आहेत ती साधी आहेत: आग लावायची नाही, स्फोटकं आणि विषारी रसायनं वापरायची नाहीत, हद्दीच्या खुणा उखडायच्या नाहीत, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, मेलेला प्राणी दिसला तर कळवायचं. यातलं काय आज करायला तुम्हाला मोकळीक आहे, सांगा बरं? शिकारीला तर देशभर बंदीच आहे, आणि काळवीट, म्हणजे तुमची ही हरणं, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

म्हणजे खरं पाहता कागदावर फारसं काही बदलत नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. विरोध करणाऱ्यांनी घाबरू नये आणि बाजूने असणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. राखीव झालं म्हणून दुसऱ्या दिवशी दहा गार्ड येत नाहीत. एक समिती होते, ३६-ब खाली. तिच्यात वनखात्याचा माणूस सचिव, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येतं तिचा एकेक प्रतिनिधी, वन्यजीवांचं काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचा एकेक. ही समिती सल्ला देते. सल्लाच देते. पण नियमाने सल्ला विचारला जातो आणि टिपणात तुमच्या पंचायतीचं नाव येतं, हे काही कमी नाही. आजच्या घडीला त्या माळावर चर खणायचे की झाडं लावायची हे तुम्हाला कोण विचारतं?

आपल्या जिल्ह्यात याची उदाहरणं हाताशी आहेत, ती बघून या. राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव आपल्याकडचंच, रामशेजजवळचं बोरगड, २००८ सालचं. ते ३४९ हेक्टर आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्या माळाएवढं. ‘एवढ्याशा जागेचं काय होणार’ असं कोणी म्हणालं तर हा आकडा सांगा. ममदापूर २०१४ चं, ५४.४६ चौरस किलोमीटर, खास काळविटांसाठी. अंजनेरी २०१७ चं, ५.६९ चौरस किलोमीटर, गिधाडांसाठी. तिघांची कारणं वेगळी, पाऊस वेगळा, लोक वेगळे. ममदापूरला जाल तेव्हा नुसता बोर्ड आणि मनोरा बघून परतू नका. राजापूर, खरवंडी, देवदरी या बाजूच्या वस्त्यांवर बसा, चहा घ्या आणि ‘हरणांनी किती नुकसान केलं’ असं विचारा. लोक खरं सांगतात, फक्त त्यांना तेच आधी विचारावं लागतं.

आता विहिरी.

हरणं माळावर असतात असं आपण म्हणतो, पण हरणाला फॉरेस्टची हद्द कळत नाही. पावसाळ्यात माळावर गवत असतं तोवर ती तिथे. दिवाळीनंतर हरभरा-गहू उगवला की आपल्या शेतात. मार्च-एप्रिलमध्ये माळावरचं पाणी आटलं की विहिरीभोवती, थेंब थेंब गळणाऱ्या पाइपाभोवती, कांद्याच्या वाफ्याभोवती. मी बघितलेल्या मेलेल्या हरणांत बिबट्याने किंवा लांडग्याने मारलेली फार थोडी. कुत्र्यांनी मारलेली, गाडीने उडवलेली आणि विहिरीत पडलेली, ही तीन कारणं धरली की यादी जवळजवळ संपते. यातल्या विहिरी आणि कुत्री आपली. वनखात्याची नव्हे.

विहिरीत हरीण पडतं कसं, हे नीट बघितलं तर उपाय कळतो. आपल्याकडे विहीर खोदली की निघालेला मुरूम-दगड काठाशीच ओततात. वर्षा-दोन वर्षांत त्यावर गवत उगवतं, घाणेरी वाढते. हरणाच्या दृष्टीने तो उंचवटा असतो. कुत्री मागे लागली की कळप उधळतो आणि हरीण उंचवट्यावर चढून पलीकडे उडी घेतं. पलीकडे पन्नास फूट खोल खड्डा. म्हणून कठड्याआधीही पहिलं काम म्हणजे तो ढिगारा हलवणे. जेसीबीचं तासाभराचं काम आहे. तेवढ्याने विहीर लांबून दिसू लागते. मग कठडा, निदान चार फुटांचा, कारण घाबरलेलं हरीण तीन फूट सहज ओलांडतं. पैसे नसतील तर लोखंडी अँगल टाकून वर जाळी. तेही नसेल तर बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण. हे दरवर्षी नवं करावं लागतं, कारण काट्या चुलीत जातात. कोणी नेतं म्हणून रागावू नका, जळण कोणाला नको असतं!

शेततळ्यांचं दुखणं वेगळं. प्लॅस्टिकचा कागद इतका गुळगुळीत असतो की आत उतरलेलं जनावर वर येऊच शकत नाही. पोहतं, थकतं, बुडतं. हरीण, कुत्रं, शेळी, कधी माणसाचं पोरसुद्धा. चारी कोपऱ्यांत काठाला पक्क्या बांधलेल्या जुन्या टायरांची माळ पाण्यापर्यंत सोडून ठेवा, किंवा नायलॉनची जाडी जाळी. खुराला धरायला काहीतरी मिळालं की जनावर स्वतः बाहेर येतं. एका शेततळ्याला चार टायरमाळा, एवढंच काम आहे.

तरीही एखादं पडणारच. तेव्हा काय करायचं ते मी माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून जरा लांबवून सांगतो.

२०११ चा मे महिना. सकाळी आठला फोन आला. एक मादी, पंचेचाळीस फुटांची विहीर, तळाला गुडघाभर पाणी. मी पोचलो तेव्हा दोन पोरं दोराने खाली उतरलेली होती, तिला जाळ्यात घेऊन अर्ध्या तासात वर काढली. शंभरावर माणसं जमलेली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, लहान पोरं पाठीवर हात फिरवतायत, कोणी तोंडात पाणी ओततंय. मी तपासली. एकही हाड मोडलेलं नव्हतं, फक्त कोपर सोललेलं. ताप १०७. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवू, उगाच घाईने सोडायला नको. एका खोलीत ठेवली. दुपारी मुतली तर मूत काळ्या चहासारखं. संध्याकाळी मागचे पाय उचलेनात. पहाटे गेली. शवविच्छेदनात मांडीचं मांस उघडलं तर फिकं, शिजवलेल्या मांसासारखं दिसत होतं. पडून मेली नव्हती ती. भीतीने मेली होती. जीव तोडून धावलेल्या, पकडलेल्या जनावराचे स्नायू आतून जळतात, त्यातलं विष मूत्रपिंडात उतरतं. हे मी कॉलेजात वाचलेलं होतं. माणसाच्या हाताखाली तिचा एकेक तास म्हणजे मरणाकडे एकेक पाऊल, आणि तिला दिवसभर ठेवण्याचा निर्णय माझा होता.

त्यानंतर मी ठरवून टाकलं. वर आली की पहिलं काम म्हणजे डोळ्यांवर कापड, उपरणं असो नाहीतर गोणपाट, पण नाकपुड्या उघड्या. गर्दी दोनशे फूट मागे, आणि त्यासाठी गावातला ज्याचा शब्द चालतो असा एक माणूस आधीच ठरलेला हवा. कोणी बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. जनावर आडवं पाडायचं नाही. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडून राहिलं की पोट फुगतं, म्हणून छातीवर बसवायचं, डोकं वर, तोंड जरा खाली. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. ऊन असेल तर अंगावर पाणी मात्र भरपूर. हाड मोडलेलं नाही एवढी खात्री झाली की दहा-पंधरा मिनिटांत मोकळं करायचं, रस्त्याच्या उलट बाजूला, माळाकडे तोंड करून. कापड शेवटी काढायचं. हे सगळं अर्थात वनखात्याच्या माणसांसोबत. त्यांना कळवल्याशिवाय हात लावला तर पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, उलट तुम्हीच अडचणीत याल. पण गार्ड येईपर्यंत गर्दी मागे सारणं आणि कुत्री हाकलणं यात कायदा आड येत नाही.

त्यातलीच दुसरी गोष्ट पाडसाची. कांद्यात किंवा गवतात एकटं पाडस दिसलं की आपली माणसं कळवळून उचलतात, घरी आणून शेळीचं दूध पाजतात आणि मग दवाखान्यात फोन करतात. त्याची आई मेलेली नसते हो. काळविटाची मादी एकाच पाडसाला जन्म देते आणि पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून ठेवून स्वतः लांब चरते, दिवसातून मोजक्या वेळा पाजायला येते. तुम्ही बघत उभे असाल तर ती येणारच नाही. शाळेतल्या पोरांना एवढं एकच सांगा: पाडस दिसलं तर मागे फिरायचं.

कुत्र्यांविषयी लोकांना ऐकायला आवडत नाही, पण बोलावं लागेल. मोकाट कुत्री माळाच्या कडेला वाढतात ती आपण टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर. गाय मेली, ओढ्यात टाकली. कोंबड्यांच्या शेडमधली मर, माळाच्या कडेला टाकली. पूर्वी गिधाडं एका दिवसात साफ करायची. आता इकडे माळावर ती राहिली नाहीत, ते काम कुत्री करतात, आणि मढं संपलं की पाडसांच्या मागे लागतात. मेलेलं जनावर पुरा. सहा फूट खड्डा, चुना. कुत्र्यांची नसबंदी वगैरे पुढच्या गोष्टी, त्याला पैसा आणि मनुष्यबळ लागतं. खड्डा उद्याही खणता येतो.

आणि लस. हा माझ्या खात्याचा विषय म्हणून सांगतोय असं नाही. जिथे तुमच्या शेळ्या पाणी पितात तिथेच हरणं पितात. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग, हे दोन्ही काळविटालाही होतात. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा असते. गाव पांगलेलं असल्यामुळे वस्तीवरची चार-पाच जनावरं कायम राहून जातात. कर्मचारी गावठाणात येतो, पाराजवळ बसतो आणि निघून जातो. वस्त्यांची यादी ग्रामपंचायतीने करून दिली तर तो दोष त्याच्यावर ढकलता येईल. आज ढकलता येत नाही.

पाणवठे करायचे तर एक मोठा करू नका. चार-पाच लहान करा, बशीसारखे, उताराचे, मधोमध जेमतेम दीड फूट खोल. काठ उभा असेल तर पाडसं आत पडतात. जागा झाडाखाली नको. आपल्याला वाटतं बिचाऱ्यांना सावली हवी, पण काळवीट नजरेवर जगणारं जनावर आहे, आडोशाजवळच्या पाण्याला ते बिचकतं. चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशी उघडी जागा हवी. टँकर दुपारी भरायचा, कारण ती सकाळी आणि संध्याकाळी येतात. टँकर भरणाऱ्याला हे पटवणं हा निम्मा त्रास आहे, त्याला सकाळीच मोकळं व्हायचं असतं.

झाडं. इथे माझं आणि बऱ्याच सज्जन लोकांचं भांडण होतं. नाशिकहून, मुंबईहून चांगल्या मनाची माणसं येतात, माळ बघतात आणि म्हणतात, किती ओसाड! मग पाच हजार रोपं, खड्डे, सलग समतल चर, फोटो. बोरगडला झाडं लावली, वाढवली, त्याचं कौतुक आहे. तो डोंगर आहे, पाऊस आहे, तिथे जंगल तोडलं गेलं होतं. तुमचा माळ ओसाड नाही. तो माळच आहे. मारवेल, पवन्या, कुसळी, मध्ये एखादं बोर-बाभळीचं झुडूप. टिटवी, चंडोल, पखुर्डी, धाविक, ससा, खोकड, लांडगा, ही सगळी मंडळी उघड्यावर जगणारी. काळवीट झाडीत राहत नाही, पळायला त्याला मोकळं रान लागतं. तिथे ग्लिरिसिडिया लावलात तर दहा वर्षांत हिरवं दिसेल आणि हरणं तुमच्या शेतात कायमची मुक्कामाला येतील. तेव्हा ठरावात एक ओळ जरूर घाला की या क्षेत्रात नवी वृक्षलागवड आणि चर-खोदाई समितीला विचारल्याशिवाय करू नये. एवढी एक ओळ मिळाली तरी मी म्हणेन राखीव केल्याचं सार्थक झालं.

चराईचं. पूर्ण बंदीची मागणी कोणी केली तर तीही मान्य करू नका. गुरं अजिबात नसली की गवत कमरेएवढं वाढतं, वाळतं, आणि एका विडीने सगळा माळ जातो. काळविटाला आखूड, कोवळं गवत आवडतं. माळाचे चार भाग करा. एक भाग पाऊस सुरू झाल्यापासून बी पडेपर्यंत बंद, बाकीचे खुले, पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. बी पडून गेल्यावर बंद भागातलं गवत कापून न्यायला गावाला परवानगी. फॉरेस्टची जमीन आहे, म्हणून हे वनखात्याशी बसून लेखी ठरवावं लागेल. तोंडी ठरलेलं पुढचा साहेब आला की संपतं. गवत वाळायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, घ्यायला लावा, ती फाल्गुनात घेऊन उपयोग नाही. मेंढपाळ येतात त्यांना शत्रू मानू नका. माळावर कुठे काय मेलं, कुठे फासा लावला, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

पिकाचं नुकसान होतं. होत नाही असं सांगणाऱ्याने एकदा मूग पेरून बघावा. कोंब वर आले की कळप एका रात्रीत दोन एकर बोडका करतो. कांदा फारसा खात नाहीत, पण वाफ्यात बसतात, तुडवतात. भरपाई मिळते, पण अर्ज ताबडतोब करावा लागतो, पंचनामा होतो, आणि हातात येणारी रक्कम मनातल्या हिशोबाशी कधीच जुळत नाही. निदान फोटो पहिल्या दिवशीचा काढा, गट नंबर लिहिलेली पाटी हातात धरून. जुन्या साड्यांचं कुंपण पहिले पंधरा दिवस काम करतं, नंतर हरणांना साड्यांची सवय होते. पण कोंबाचे पंधरा दिवस निघाले की पीक बऱ्यापैकी सुटतं, म्हणून साड्या नेमक्या उगवणीच्या वेळी लावा, आधीपासून नको. काटेरी तार टाळा, हरीण खालून घुसायला जातं आणि पाठ फाडून घेतं. आणि कुंपणात वीज सोडणाऱ्याला गावाने आधीच रोखावं. त्यात हरणाच्या आधी रात्री मोटर चालू करायला गेलेला शेजारी मरतो.

पर्यटन. चार-पाच पोरांना हिवाळ्यात थोडी वाटाड्याची कामं मिळतील, एखाद्या घराला जेवणाचे पैसे. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येणारे काही जण पुढे हरणांकडे वळतात. त्यापलीकडे आशा ठेवू नका, आणि गाड्या माळावर उतरू देऊ नका. एकदा चाकोरी पडली की पुढची गाडी तिच्या शेजारून जाते, आणि अंडी घालून बसलेली टिटवी त्यात जाते. बघायचंच असेल तर पावसाच्या शेवटी या म्हणावं. गवत हिरवं असतं, नर काळेभोर झालेले असतात आणि आपापल्या लेंड्यांच्या ढिगापाशी उभे राहून दुसऱ्या नराची वाट बघत असतात. मी त्या दिवसांत सकाळी सातला माळावर गेलो की साडेनऊपर्यंत घरचा फोन उचलत नसे.

हरणं किती आहेत हे ठरावात लिहावं लागेल. तिथे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरची गणना वापरू नका. काळवीट दिवसाचं जनावर आहे आणि मे महिन्यात निम्मी हरणं शेतातल्या पाण्यावर असतात, तो आकडा काहीच सांगत नाही. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये तीन सकाळी, ठरलेल्या वाटांनी, एकाच वेळी चार जोड्या पाठवा. नर, माद्या, पाडसं वेगळी मोजा. पाडसं किती, यावरूनच पुढची वाढ कळते.

आणि ग्रामसभा २६ जानेवारीची धरू नका. तुमच्याकडची निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, वस्त्यांवर म्हातारी आणि लहान पोरं राहतात. त्या सभेत झालेला ठराव उन्हाळ्यात परतलेली माणसं उलटवतात, आणि मला वाटतं ते बरोबरच करतात. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर.

त्याआधी, या आठवड्यात, विहिरींची यादी करा. माळाच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या, पडीकसुद्धा. पडीक तर आधी, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. प्रत्येकीपुढे गट नंबर, खोली, मे महिन्यात पाणी किती, कठडा किती फूट, काठाला ढिगारा आहे का, गेल्या तीन वर्षांत काय काय पडलं, आणि मालक गावात असतो की ऊसतोडीला जातो. हा शेवटचा रकाना विसरू नका. जाणाऱ्यांच्या विहिरी दिवाळीच्या आत व्हायला हव्यात, नंतर जेसीबी आणला तरी ‘कोणाला विचारून ढिगारा हलवला’ म्हणून भांडण होतं. यादी झाली की मला कळवा, मी येऊन एकदा त्या सगळ्या विहिरींवरून फिरतो.